"9 वर ठेवा आणि लावा" हा सल्ला मागे घ्या

निळीवायर
कॅसेटवाल्यांनी परवा लिहिलं: "जुन्या व्हिडिओ गेम कन्सोलचा अडॅप्टर गेला तर 3 ते 12 व्होल्टचा बटणवाला युनिव्हर्सल घ्या, 9 वर ठेवा, पिन बसली की झालं." पिन बसते हाच तर घोटाळा आहे. 5.5 बाय 2.1 मिलीमीटरची पिन निन्टेन्डोच्या एनईएसलाही बसते, त्याच्या जपानी भावाला, फॅमिकॉमलाही आणि सेगाच्या पहिल्या मेगा ड्राइव्हलाही. आतला हिशोब मात्र तिघांचा वेगळा.

अमेरिकन एनईएसचा मूळ अडॅप्टर 9 व्होल्ट एसी, 1.3 अँपिअर. एसी! कन्सोलच्या आत ब्रिज रेक्टिफायर (उलटसुलट वाहणाऱ्या एसीचा एका दिशेचा डीसी करणारा भाग) आहे, म्हणून त्याला डीसी दिला तरी चालतो, सुलटा असो की उलटा. तोच अडॅप्टर फॅमिकॉमला लावलात तर तिथे ब्रिज नाही. सेकंदाला 50 वेळा उलटा व्होल्टेज थेट इनपुटच्या कपॅसिटरवर आणि 7805 या 5 व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटर चिपवर जातो. फॅमिकॉमला 10 व्होल्ट डीसी, 850 मिलीअँपिअर लागतो, मधली पिन निगेटिव्ह (ऋण टोक आत, धन बाहेरच्या कड्यावर). मेगा ड्राइव्ह 1 लाही मधली निगेटिव्ह, पण 1.2 अँपिअर. मेगा ड्राइव्ह 2 मध्ये मधली पॉझिटिव्ह आणि पिनच बारीक. आता सांगा, "9 वर ठेवा" यात यातलं काय आलं?

कॅसेटवाला
सल्ला माझा होता, तेव्हा उत्तरही मीच देतो. बाजारात जो अडॅप्टर मागाल तो मधली पॉझिटिव्हच मिळतो. मधली निगेटिव्ह फक्त गिटारच्या पेडलवाल्यांकडे, आणि तो बहुधा 500 मिलीअँपिअरचा, मेगा ड्राइव्हला निम्मासुद्धा नाही. युनिव्हर्सलच्या टोकाची टोपी (सुटी पिन) उलटी करून लावता येते, म्हणून तो सुचवला. आणि 7805 इनपुटला 35 व्होल्टपर्यंत सहन करतो. 9 च्या जागी 13 गेले म्हणून लगेच राख होत नाही.

लाल_टेस्टर
35 हा व्होल्टेजचा आकडा झाला, उष्णतेचा नाही. 7805 जास्तीचे व्होल्ट उष्णता करून टाकतो. अर्धा अँपिअर खेचला तर 9 व्होल्टला 2 वॅट, 12 ला साडेतीन. त्या जुन्या पातळ पत्र्याच्या हीटसिंकवर हा फरक हाताला चटका देणारा आहे. सीसीटीव्हीचा 12 व्होल्ट 2 अँपिअर लावा म्हणणाऱ्यांनीही हे वाचावं. त्यातले 2 अँपिअर निरुपद्रवी आहेत, कन्सोल लागेल तेवढाच करंट घेतो. नडतात ते 12 व्होल्ट.

आणि उलटी होणारी टोपी हा गुण कसा? टोपी काढून परत लावताना एकदा चूक झाली की संपलं.

शंभरहर्ट्झ
मूळ मुद्दा सगळेच विसरताहेत. लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा जड अडॅप्टर घ्या. मेन्स (भिंतीतली वीज) आणि कन्सोल यांच्यामध्ये दोन वेगळ्या वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, असतात. स्वस्त एसएमपीएसमध्ये (जलद स्विचिंगवर चालणारा हलका अडॅप्टर) ट्रान्सफॉर्मर छोटा असतो आणि त्याच्या दोन बाजूंना जोडणारा असतो एक वाय कपॅसिटर, आणि तोही खरा असेल तर. कन्सोलच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येतात त्या त्याच्यामुळे. शिवाय स्विचिंगचा आवाज थेट चित्रात उतरतो, पडद्यावर तिरक्या रेघा धावतात.

निळीवायर
आणि तुमच्या ट्रान्सफॉर्मरचा व्होल्टेज मेन्सबरोबर नाचतो, ते? गावाकडे संध्याकाळी 230 चे 180 होतात. लोडवर, म्हणजे करंट खेचला जात असताना, 9 देणारा तेव्हा 7 देतो. 7805 ला आउटपुटपेक्षा साधारण 2 व्होल्ट जास्त लागतात, म्हणजे 7 वर तो काठावर येतो. मग चित्र थरथरतं, गेम मध्येच रीसेट होतो आणि दोष कॅसेटला दिला जातो. लोड नसताना हाच अडॅप्टर 13-14 दाखवतो. 100 ते 240 वाल्या चांगल्या एसएमपीएसला यातलं काहीच होत नाही.

शंभरहर्ट्झ
चांगल्या, हा शब्द तुम्हीच घातलात! दीडशे रुपयांच्या डबीत चांगलं काय असतं? आत फ्यूजसुद्धा नसतो.

निळीवायर
मग दीडशेची घेऊ नका. लेबलवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) आर- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा आणि बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तपासा. दुसऱ्याच मालाचं नाव आलं तर अडॅप्टर परत करा. डबल इन्सुलेशनची चौकोनात चौकोन ही खूणही बघा.

जपानहून आलेला मूळ 100 व्होल्टचा अडॅप्टर 230 ला लावून "ट्रान्सफॉर्मरच भला" म्हणणाऱ्यांनी तर आधी थांबावं. त्याचा लोखंडी गाभा सॅच्युरेट होतो (चुंबकत्वाची मर्यादा गाठतो) आणि काही वेळातच आतलं वाइंडिंग जातं.

शंभरहर्ट्झ
100 व्होल्टचा 230 ला लावा असं मी कुठे म्हटलं? माझ्या तोंडी घालू नका. नोंदणीचं मान्य. पडद्यावरच्या रेघांचा माझा मुद्दा मात्र कायम.

लाल_टेस्टर
दोघंही भांडण नंतर करा. ज्याच्या हातात अडॅप्टर आहे त्याने आधी तो मोजावा.

पिवळा स्वस्त मल्टिमीटर डीसीवर ठेवा. मधल्या पिनला लाल प्रोब (मीटरची तार), बाहेरच्या कड्याला काळा. आकड्याआधी उणे आलं तर मधली निगेटिव्ह. आकडा शून्याजवळ असेल तर अडॅप्टर मेलाय असं धरू नका, तो एसी असू शकतो.

मग एसीवर ठेवा. इथे बरेच जण फसतात: या मीटरमध्ये डीसी अडवणारा कपॅसिटर नसतो, त्यामुळे 9 व्होल्ट डीसीलाही तो 20 च्या आसपास एसी दाखवतो. प्रोब उलटे करून परत बघा. एका बाजूने शून्य आलं तर तो डीसी, दोन्हीकडून सारखं आलं तर खरा एसी.

शेवटी कन्सोलऐवजी रेझिस्टरचा लोड. 22 ओहम 10 वॅटचे सिमेंट रेझिस्टर, दोन पॅरलल जोडले की 9 व्होल्टला 0.82 अँपिअर, तीन जोडले की 1.23. फॅमिकॉमसाठी दोन, मेगा ड्राइव्ह 1 साठी तीन. दहा मिनिटं चालवा. व्होल्टेज साडेआठच्या खाली घसरला किंवा डबीला हात ठेववेना, तर तो अडॅप्टर कन्सोलला लावू नका. रेझिस्टर तापणारच, ते फरशीवर ठेवा.

कॅसेटवाला
तीन रेझिस्टरची युक्ती चांगली आहे, घेतली. युनिव्हर्सल मात्र या कसोटीत टिकणार नाही, तेही कबूल. पण मग मधली निगेटिव्ह आणायची कुठून, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

निळीवायर
नोंदणी असलेला 9 व्होल्ट 2 अँपिअरचा, मधली पॉझिटिव्ह, घ्या. पिनपासून वीतभर अंतरावर वायर कापा आणि दोन तारा अदलाबदल करून जोडा. हीट श्रिंक नळी (तापवली की आवळते ती) जोडण्याआधीच दोन्ही तारांवर सरकवा, नंतर ती जात नाही. सोल्डर करा, नळी आवळा, पुन्हा मीटर लावा: आता उणे 9 दिसलं पाहिजे. वायरवर कागदी पट्टी चिकटवून लिहा "मेगा ड्राइव्ह 1, मधली निगेटिव्ह". नाहीतर घरातलं कुणीतरी तोच उचलून राउटरला लावेल.

शंभरहर्ट्झ
पिन घेताना 2.1 चीच घ्या. 2.5 ची वरून सारखीच दिसते, पण आत सैल बसते आणि जरा धक्का लागला की ठिणगी पडते. एवढं तरी माझं ऐका.