आपल्या गेटबाहेरचा फूटपाथ

शिंदे (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. गेटबाहेरच्या भाजीवाल्याविरुद्ध महापालिकेत अर्ज द्यायचा आहे. सह्या हव्यात. त्याच्यामुळे ज्येष्ठांना रस्त्यावर उतरावं लागतं.

बापट काका: माझी सही धरा. काल बसचा आरसा खांद्याला घासून गेला.

नेहा, बी-204: काका, लागलं नाही ना? पण तुम्ही उतरलात कुठे? भाजीवाला तर पलीकडे, मेडिकलपाशी बसतो.

बापट काका: तुझं खरं आहे. आपल्या कुंड्यांपाशी.

नेहा, बी-204: तेच म्हणते. सकाळी टेप लावून पाहिलं. कुंड्या आणि स्कूटर सोडून उरतो तो जेमतेम हातभर फूटपाथ. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे रस्त्यांचे निकष ठरवणारी संस्था, तिच्या मार्गदर्शक सूचनांत चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी असं आहे.

शिंदे (सेक्रेटरी): कुंड्या सुशोभीकरणासाठी आहेत. सोसायटीच्या वार्षिक सभेत ठराव झालाय.

नेहा, बी-204: शिंदे साहेब, सार्वजनिक जागेवर ठराव करणारे आपण कोण? आणि गंमत ऐका. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात विक्रीचं प्रमाणपत्र असलेल्या विक्रेत्याला जागेवरून उठवायचं तर 30 दिवसांची नोटीस लागते. आपल्या कुंड्यांना मात्र नोटीसही लागत नाही. 1949 च्या महानगरपालिका अधिनियमाचं कलम 231 वाचा, आयुक्त थेट उचलून नेऊ शकतात.

रोहन, ए-501: 😂 म्हणजे भाजीवाला आपल्यापेक्षा कायदेशीर?

नेहा, बी-204: प्रमाणपत्र असेल तर हो. आधी त्याला विचारा तरी.

जोशी काकू: आहे त्याच्याकडे, लॅमिनेट करून वजनकाट्याला बांधलंय. कोथिंबीर घेताना रोज दिसतं. तुम्ही लोक ॲपवरून मागवता, तुम्हाला कुठून कळणार!

रोहन, ए-501: पण स्कूटर पाच मिनिटंच असते.

नेहा, बी-204: 2017 च्या वाहन चालवण्याच्या नियमांत फूटपाथवर पार्किंगला मनाई आहे. पाच मिनिटांची सवलत त्यात नाही. शिवाय रस्ता अडवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 खाली 5000 रुपयांपर्यंत दंड. जुन्या कायद्यात 200 होता, त्यामुळे कोणी मनावर घेत नव्हतं. मे 2025 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मोकळा फूटपाथ हा अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे.

बापट काका: आणि तो उतार? गाड्यांसाठी केलेला. काठी टेकवली की घसरते.

नेहा, बी-204: तोही चुकीचा आहे, काका. गेटसमोरसुद्धा फूटपाथची पातळी तीच राहायला हवी. चढउतार गाडीनं करायचा, माणसानं नाही.

शिंदे (सेक्रेटरी): उतार तोडायला खर्च आहे. तो रविवारच्या मीटिंगला घेऊ. कुंड्या उद्या माळी आत घेईल. अर्ज सध्या थांबवतो.

जोशी काकू: सध्या?

शिंदे (सेक्रेटरी): बरं, रद्द.

रोहन, ए-501: माझी स्कूटर कुठे लावू मग?

जोशी काकू: तुझ्या स्वतःच्या स्लॉटमध्ये. तिथला मोडका सोफा दिवाळीपासून बघतेय मी.