पुढच्या पिढीचा कन्सोल : सिलिकॉन नेमके कशावर खर्च करावे?

धागाकर्ता

प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स हे दोन्ही कन्सोल नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आले आणि त्यांच्या वारसदारांची तयारी आता उघडपणे सुरू आहे. जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने चिप रचणाऱ्या एएमडी कंपनीबरोबरच्या अनेक वर्षांच्या भागीदारीची घोषणा केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्लेस्टेशनचे मुख्य रचनाकार, सोनीचे मार्क सर्नी आणि एएमडीचे जॅक ह्यून यांनी ‘प्रोजेक्ट अमेथिस्ट’ या संयुक्त प्रकल्पातील न्यूरल ॲरे (न्यूरल नेटवर्कसाठी एकमेकांना जोडलेली गणनेची युनिटे), रेडियन्स कोअर (प्रकाशकिरणांच्या गणनेचे वेगळे भाग) आणि युनिव्हर्सल कॉम्प्रेशन (मेमरीकडे जाणारी माहिती आकसून पाठवणे) या तीन कल्पना मांडल्या. तेव्हापासून बहुतेक चर्चा टेराफ्लॉपच्या, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या गणनांच्या, आकड्याभोवती फिरत आहे. माझे मत असे आहे की पुढच्या कन्सोलचे भवितव्य मेमरी किती आणि तिचा वेग किती यावर ठरेल, आणि त्यासाठी ग्राफिक्सची काही युनिटे कमी करावी लागली तरी ती करावीत.

प्लेस्टेशन ५ चा मदरबोर्ड पाहिला असेल, तर मुख्य चिपभोवती बसवलेल्या आठ काळ्या आयताकृती चिपा लक्षात राहिल्या असतील. त्यातील प्रत्येक चिप २ गीगाबाइटची आहे आणि मुख्य चिपशी ३२ वाटांनी जोडलेली आहे. प्रत्येक वाटेवरून सेकंदाला १४ गीगाबिट माहिती जाते. आठही चिपांची बेरीज केली की २५६ बिटांचा बस (मेमरीचा रस्ता) आणि सेकंदाला ४४८ गीगाबाइट ही बँडविड्थ (माहिती वाहण्याचा वेग) मिळते. आता हा आकडा सेकंदाच्या ६० फ्रेमना (चित्रांना) वाटून पाहा. एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम साडेसात गीगाबाइट येतात, म्हणजे १६ गीगाबाइट मेमरी एका फ्रेममध्ये एकदासुद्धा पूर्ण वाचून होत नाही. त्याच वाटेवर प्रोसेसरही चालतो, सावल्यांचे नकाशे, टेक्श्चर आणि रे ट्रेसिंगची (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रंगवण्याची) झाडासारखी रचनाही तिथूनच ये-जा करते.

मागील अनुभवही हेच सांगतो. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ ने ८ गीगाबाइट जीडीडीआर५ मेमरी आणि सेकंदाला १७६ गीगाबाइटचा सरळ रस्ता दिला. एक्सबॉक्स वनने ६८ गीगाबाइटचा संथ डीडीआर३ घेतला आणि ती उणीव भरून काढण्यासाठी चिपवरच ३२ मेगाबाइटची ईएसरॅम ही छोटी वेगवान मेमरी बसवली. १०८० रेषांच्या चित्राचा एक ३२-बिट थर ८.३ मेगाबाइट जागा घेतो. चार थर आणि खोलीचा एक बफर धरला की ४१ मेगाबाइट होतात. ते ३२ मेगाबाइटमध्ये मावत नाहीत, आणि अनेक खेळ त्या यंत्रावर कमी रिझोल्यूशनवर चालले.

म्हणून माझा आराखडा साधा आहे. २५६ बिटांचा बस, ३ गीगाबाइटच्या आठ जीडीडीआर७ चिपा आणि प्रत्येक वाटेवर ३२ गीगाबिटचा वेग घेतल्यास २४ गीगाबाइट मेमरी आणि सेकंदाला १,०२४ गीगाबाइट बँडविड्थ मिळते. मुख्य चिपमध्ये उरलेल्या जागेत जेवढे ग्राफिक्स बसेल तेवढे बसवावे.

अर्धवाहक

आपली आकडेमोड बरोबर आहे, परंतु निष्कर्षाशी मी असहमत आहे. आधी इतिहासाचे बोलतो. एक्सबॉक्स वन मागे पडला त्याचे सगळे खापर मेमरीवर फोडता येणार नाही. प्लेस्टेशन ४ मध्ये ग्राफिक्सची १८ कॉम्प्युट युनिटे होती आणि एक्सबॉक्स वनमध्ये १२. ईएसरॅमने चिपची जागा खाल्ली हेही त्यामागचे एक कारण आहे, हे मला मान्य आहे. पण मग धडा ‘जागेचा हिशेब चुकला’ असा आहे, ‘बँडविड्थ वाढवा’ असा नाही.

दुसरे असे की चित्र तयार करण्याची पद्धतच बदलली आहे. १०८० रेषांच्या चित्रात सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात आणि ४के चित्रात ८२.९ लाख. न्यूरल नेटवर्कच्या साह्याने पहिल्यापासून दुसरे रचता येत असेल, तर रंगवण्याचे मूळ काम चौथ्या हिश्श्यावर येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रोची बँडविड्थ ५७६ गीगाबाइट आहे, म्हणजे मूळ यंत्रापेक्षा फक्त सुमारे २९ टक्के अधिक, आणि तरीही पीएसएसआर या सोनीच्या अशाच न्यूरल तंत्रामुळे चित्रातील तपशिलात पडलेला फरक डोळ्यांना दिसतो. जून २०२५ मधील निन्टेन्डो स्विच २ तर १२ गीगाबाइट मेमरीवर डीएलएसएस हे एनव्हिडियाचे असेच तंत्र चालवतो.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रुंद बस म्हणजे केवळ बोर्डावरील चिपा नव्हेत. मुख्य चिपच्या कडेला त्या वाटांसाठी विद्युत मंडले ठेवावी लागतात आणि नवी उत्पादन प्रक्रिया आली तरी ती फारशी लहान होत नाहीत. त्यापेक्षा चिपमध्ये मोठी कॅशे (वारंवार लागणारी माहिती जवळ ठेवणारी वेगवान मेमरी) ठेवावी. एएमडीने २०२० मध्येच रेडिऑन आरएक्स ६८०० एक्सटी या ग्राफिक्स कार्डमध्ये १२८ मेगाबाइटची इन्फिनिटी कॅशे देऊन २५६ बिटांच्या बसवर काम भागवले होते. त्या वर्षीच्या दोन्ही कन्सोलांत मात्र ती नव्हती. शिवाय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव भडकले. असा घटक यंत्राच्या केंद्रस्थानी ठेवणे मला धोक्याचे वाटते.

धागाकर्ता

कॅशेचा मार्ग दिसतो तितका स्वस्त नाही. कॅशे ज्या एसरॅम मेमरीची बनते, तिच्या पेशी आता आकसायला तयार नाहीत. चिपा बनवणाऱ्या टीएसएमसीच्या ५ नॅनोमीटर प्रक्रियेत एका पेशीचे क्षेत्रफळ ०.०२१ चौरस मायक्रोमीटर आहे आणि एन३ई या ३ नॅनोमीटर प्रक्रियेतही ते तेवढेच आहे. वेफर (ज्यावर चिपा बनतात ती सिलिकॉनची चकती) महाग झाला आणि कॅशेची जागा मात्र जशीच्या तशी राहिली, म्हणजे प्रत्येक मेगाबाइट पूर्वीपेक्षा महाग पडतो.

न्यूरल नेटवर्कबद्दल तर मला आपलेच उदाहरण आपल्या विरोधात वापरायचे आहे. डिसेंबर २०२४ मधील सादरीकरणात सर्नी यांनी स्पष्ट सांगितले होते की पीएसएसआरसाठी खरी अडचण गणनशक्तीची नसून बँडविड्थची होती. चित्राचा प्रत्येक थर बाहेरच्या मेमरीत नेऊन परत आणणे परवडत नसल्यामुळे त्यांनी ग्राफिक्समधील रजिस्टरांची (गणनेच्या अगदी शेजारच्या छोट्या साठ्यांची) मिळून सुमारे १५ मेगाबाइट जागा वापरली आणि चित्राचे तुकडे करून ते त्या जागेत प्रक्रियेतून काढले. रंगवण्याचे काम कमी करणारे हे नेटवर्क स्वतःच बँडविड्थचे किती भुकेले आहे, हे यावरून कळते.

अर्धवाहक

हेच उदाहरण मी माझ्या बाजूने वाचतो. अडचण बँडविड्थची होती आणि तिचे उत्तर चिपच्या आत सापडले, बाहेरच्या आठ चिपांत नाही. रजिस्टरांची एकत्रित बँडविड्थ सेकंदाला २०० टेराबाइट होती. आपण सुचवलेला बस त्याच्या सुमारे दोनशेव्या भागाइतकाच होतो. न्यूरल ॲरेची कल्पनाही याच वाटेने पुढे जाते: वेगवेगळी कॉम्प्युट युनिटे एकमेकांना जोडून मोठा तुकडा एकाच वेळी आत ठेवायचा. एसरॅम आकसत नाही हे खरे आहे, पण ती महागड्या प्रक्रियेवरच बनवली पाहिजे असे कुठे आहे? डिसेंबर २०२२ मधील आरएक्स ७९०० एक्सटीएक्स या ग्राफिक्स कार्डमध्ये मुख्य भाग ५ नॅनोमीटरचा होता, तर कॅशे आणि मेमरीची जोडणी सहा छोट्या ६ नॅनोमीटर चिपांवर नेलेली होती.

जोडखेळ

दोघांच्याही लिखाणात क्षमता आणि वेग यांची सरमिसळ होत आहे, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. वेग कमी पडला तर रिझोल्यूशन उतरवता येते, फ्रेम तीसवर आणता येतात, नेटवर्कची मदत घेता येते. क्षमता कमी पडली तर खेळाचा एखादा भागच कापावा लागतो.

याचे ठळक उदाहरण २०२३ मधले आहे. बाल्डर्स गेट ३ सप्टेंबरमध्ये प्लेस्टेशन ५ वर आला, एक्सबॉक्सवर मात्र त्याला डिसेंबर उजाडला. सिरीज एस या एक्सबॉक्सच्या छोट्या यंत्रावर पडदा विभागून दोघांनी खेळण्याची सोय बसेना आणि अखेरीस त्या यंत्रापुरती ती तेव्हा सोडून द्यावी लागली; ती तिथे एप्रिल २०२५ मध्येच आली. सिरीज एसमध्ये एकूण १० गीगाबाइट मेमरी आहे आणि त्यातील काही भाग सिस्टिमसाठी राखीव आहे. मी आणि माझा भाऊ लहानपणापासून एकाच सोफ्यावर बसून खेळत आलो आहोत. ज्यांच्याकडे फक्त छोटे यंत्र आहे अशा जोड्यांकडून तेव्हा नेमके हेच काढून घेतले गेले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पुढच्या पिढीत मोठ्या कन्सोलबरोबर हातात धरायचे यंत्रही येणार असेल, तर माझी एकच मागणी आहे. त्याचे ग्राफिक्स निम्मे असू द्या, बस अरुंद असू द्या, पण मेमरीची क्षमता थोरल्या भावंडाच्या जवळपास ठेवा. कारण प्रत्येक खेळाचा पाया सर्वांत लहान मेमरीच्या मापाने घातला जातो.

थंडडोके

या चर्चेत उष्णतेचा उल्लेख अद्याप झालेला नाही. चिपच्या बाहेर जाऊन माहिती आणण्यास लागणारी ऊर्जा ही त्या माहितीवर एखादी बेरीज करण्याच्या ऊर्जेपेक्षा कितीतरी पट अधिक असते. म्हणून रुंद आणि वेगवान बसची किंमत वीज, पंखा आणि खोक्याचा आकार या रूपांतही मोजावी लागते. प्लेस्टेशन ५ साठी चिप आणि हीटसिंक यांच्यामध्ये द्रवरूप धातू वापरावा लागला आणि उभ्या यंत्राची उंची ३९ सेंटीमीटर झाली. माझ्या घरातील एका जुन्या कन्सोलच्या हीटसिंकच्या पात्यांत धुळीचा नमद्यासारखा थर बसला होता आणि तो काढेपर्यंत पंख्याच्या आवाजात संवाद ऐकू येत नसत. त्यामुळे या प्रश्नात मी अर्धवाहक यांच्या बाजूने आहे.

प्रोसेसरविषयी एक वाक्य जोडतो. २०२० च्या दोन्ही कन्सोलांतील झेन २ प्रोसेसरला एल३ कॅशे केवळ ८ मेगाबाइट मिळाली, तर त्याच पिढीच्या आठ कोअरच्या डेस्कटॉप चिपमध्ये ती ३२ मेगाबाइट होती. ही काटकसर पुढच्या वेळी करू नये.

धागाकर्ता

जोडखेळ यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि क्षमता व वेग मी एकाच वाक्यात गुंफायला नको होते. परंतु प्रत्यक्षात ही दोन्ही एकमेकांना बांधलेली आहेत, कारण मेमरी चिपांच्या पटीतच वाढते. १९२ बिटांचा बस घेतला तर ३ गीगाबाइटच्या सहा चिपा बसतात आणि १८ गीगाबाइट होतात, जे सात-आठ वर्षे टिकणाऱ्या यंत्राला अपुरे आहेत. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना चिपा लावल्या तर थेट ३६ होतात. मधला सुटसुटीत आकडा २४, आणि तो हवा असेल तर २५६ बिट आपोआप आलेच. उष्णतेची अडचण मला समजते. त्यासाठी ३२ ऐवजी २८ गीगाबिटच्या चिपा घेऊन ८९६ गीगाबाइटवर थांबायची माझी तयारी आहे.

अर्धवाहक

आणखी एक जुळणी आहे. १६० बिटांचा बस आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच चिपा. समोरासमोरच्या दोन चिपा एकच वाट वाटून घेतात, त्यामुळे क्षमता ३० गीगाबाइट होते आणि ३२ गीगाबिटच्या वेगाने बँडविड्थ ६४० गीगाबाइट राहते. मुख्य चिपची कडा मोकळी होते, तिथे कॅशे येते, आणि जोडखेळ यांची मागणीही पूर्ण होते.

धागाकर्ता

मेमरीचे भाव भडकले म्हणून आपण माझ्या आठ चिपांना आक्षेप घेतला होता आणि आता दहा मागत आहात. तरीही ही जुळणी मी गांभीर्याने घेतो, कारण तिच्यात खेळाचा कोणताही भाग कापावा लागत नाही. माझी शंका एकाच ठिकाणी उरते आणि ती रे ट्रेसिंगची आहे. शेजारशेजारच्या दोन पिक्सेलांतून निघालेले किरण खडबडीत पृष्ठभागावर आपटले की भलत्याच दिशांना जातात आणि त्या रचनेच्या भलत्याच फांद्या वाचायला लागतात. अशा विखुरलेल्या वाचनात कॅशेला आधीचे काही हाती लागत नाही. रेडियन्स कोअर किरणांचा माग काढण्याचे काम शेडरांवरून (ग्राफिक्सच्या सर्वसाधारण गणनयुनिटांवरून) काढून स्वतःकडे घेतील, पण त्या फांद्या शेवटी मेमरीतूनच आणाव्या लागतील. ६४० गीगाबाइटमध्ये ते कसे बसेल, हे आपण एका फ्रेमच्या हिशेबाने मांडून दाखवावे.