रोमानियन शिव्या : ‘म-ती’ आणि ‘म-सी’तला फरक

उपशीर्षकवाला : रोमानियन चित्रपटाची मराठी उपशीर्षकं करतोय. पात्रं उठसूट ‘पाश्तेले म-ती’ म्हणतात, कधी ‘म-सी’. शब्दशः ‘आईचा ईस्टर’. मराठीत काय लिहू? आणि प्रांतागणिक शिव्या बदलतात का?

व्याकरणी : शेपटी बघा. ‘म-ती’ म्हणजे तुझ्या आईचा, ‘म-सी’ म्हणजे त्याच्या आईचा. हातोडी अंगठ्यावर बसली की ‘पाश्तेले म-सी!’, समोर कोणी असायची गरज नाही. आपलं ‘च्यायला’ हेही मुळात ‘त्याच्या आयला’च, तेव्हा तेच बिनधास्त वापरा. ‘म-ती’ मात्र थेट अंगावर येतं, तिथे ‘तुझ्यायला’. दोन्हींना एकच शब्द दिलात तर नुसता वैताग भांडण वाटेल. ईस्टरच्या जागी क्रूस, चर्च किंवा ‘मोर्त्सी’ म्हणजे मेलेले पूर्वजही येतात. मेलेल्यांवर गेलं की प्रकरण हाताबाहेर.

दक्षिण-उत्तर : प्रांत ओळखायचा तर आधी हाक ऐका. ‘अरे’साठी बुखारेस्टकडे आणि ओल्तेनियात (नैऋत्येकडचा प्रांत) ‘बऽ’, मोल्दोव्हात (रोमानियाचा ईशान्येकडचा प्रांत) ‘मऽय’. दक्षिणेत बाईला ‘फऽ’ (‘ए बाई’सारखी हाक) म्हटलं तर पुढे शिवी नसली तरी अपमान झालाच. ट्रान्सिल्व्हेनियात वाक्य ‘नो’ने (आपलं ‘हं, तर’) सुरू होतं आणि वेड्याला ‘बोलुन्द’ म्हणतात, तो शब्द हंगेरियन. मोल्दोव्हात शब्दाच्या शेवटाकडचे ‘ए’ ‘इ’कडे झुकतात, म्हणून ‘पाश्तिलि’ ऐकू येईल. ती वेगळी शिवी नव्हे.

व्याकरणी : शापांत तर एका अक्षराने घात होतो. ‘मन्का-त्याश’ म्हणजे ‘खाऊन टाकीन तुला’, हे लाडाचं, खास दक्षिणेकडचं. ‘मन्का-त्यार लुपी’ म्हणजे ‘लांडगे खावोत तुला’. पहिल्यात ‘मी’, दुसऱ्यात ‘ते’. मुख्य क्रियापद आधी, मदतनीस क्रियापद मागून, ही शापाची जुनी ठेवण. दुसऱ्याला ‘लांडगे नेवोत मेल्याला’ चालेल. सैतानाचं नाव टाळायला म्हातारी माणसं ‘उचिगऽ-ल त्वाका’ म्हणतात : त्वाका त्याला मारो. त्वाका म्हणजे मठात घंटेसारखी बडवतात ती लाकडी फळी. तळटीप नको, ‘तो मेला काळतोंड्या’ लिहा.

दक्षिण-उत्तर : क्रियापद-नाम जोडून केलेल्या शिव्या मात्र अख्ख्या देशात चालतात. चीज खरवडणारा तो चिक्कू, उन्हाळा वाया घालवणारा तो उंडगा, दूध पिणारा तो आईच्या पदराखालचा. पहिल्याला ‘कवडीचुंबक’ ठेवा, चीज सोडून द्या. ‘नेसिम्त्सित’ दिसला तर जपून : शब्दशः ‘असंवेदनशील’, पण रांगेत घुसणाऱ्याला हाच ऐकवतात. ‘निर्लज्ज’ बसतो.