पीएमसीनंतरचे दोन कायदे: ९० दिवसांत ५ लाख म्हणजे नेमकं काय?

सोसायटी_खजिनदार:
पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. त्यानंतर केंद्राने २०२० मध्ये बँकिंग नियमनाचा वटहुकूम काढला आणि २०२१ मध्ये ठेव विमा कायदा दुरुस्त केला. बोलताना सगळे या दोन्हींची गल्लत करतात. उद्या एखाद्या नागरी सहकारी बँकेवर बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली (म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने) निर्बंध आले, तर ठेवीदाराला कुठल्या कायद्याने, कधी आणि किती मिळतं? सोसायटीची मुदत ठेव असेल तर वेगळा नियम आहे का?

ताळेबंद:
दोन्हींची कामं वेगळी आहेत. २६ जून २०२० चा वटहुकूम (सप्टेंबरमध्ये त्याचा कायदा झाला) हा बँक वाचवण्यासाठी. त्याआधी त्याच कायद्यातला कलम ४५ चा अधिकार, म्हणजे केंद्राच्या मंजुरीने बँकेची पुनर्रचना किंवा सक्तीचं विलीनीकरण, सहकारी बँकांना लागू नव्हता. राज्याचा सहकार निबंधक एकीकडे, रिझर्व्ह बँक दुसरीकडे, आणि मधल्या मध्ये ठेवीदार लटकलेला. वटहुकुमाने तो अधिकार सहकारी बँकांपर्यंत आणला.

दुसरी गोष्ट त्यात फार मोलाची होती: मोरॅटोरियम (पैसे काढण्यावर तात्पुरती बंदी) न लावताही पुनर्रचनेची योजना आखता येते. येस बँकेवर ५ मार्च २०२० ला मोरॅटोरियम लागलं, ५०,००० ची मर्यादा आली, आणि १८ मार्चला ते उठलं. तिथे स्टेट बँक पैसे घेऊन उभी होती म्हणून तेरा दिवसांत निभावलं. एरवी खातं गोठलं की चांगला कर्जदार दुसरीकडे जातो, नवीन ठेव येत नाही, आणि विकत घेणाऱ्याच्या हाती पोकळ बँक उरते.

विमा_दावा:
आता पैशांचं. पूर्वी ठेवींचा विमा देणारं महामंडळ (डीआयसीजीसी) बँक अवसायनात (बंद करून हिशेब मिटवायला) गेल्यावर किंवा विलीन झाल्यावरच पैसे द्यायचं. नुसते निर्बंध असले तर छदामही नाही. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ ला निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. मधली वर्षं लोकांनी कशी काढली असतील! २०२१ च्या दुरुस्तीने ठेव विमा कायद्यात कलम १८अ घातलं ते याचसाठी. ते १ सप्टेंबर २०२१ पासून लागू आहे.

निर्बंध लागू झाल्यापासून ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी महामंडळाकडे द्यायची. पुढच्या ३० दिवसांत छाननी, त्यानंतर १५ दिवसांत पैसे. एकूण ९० दिवस. पण विलीनीकरणाची बोलणी चालू असतील तर रिझर्व्ह बँक आणखी ९० दिवसांपर्यंत थांबवू शकते, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही.

पैसे आपोआप येत नाहीत. शाखेत पैसे हवेत असं संमतीपत्र, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील द्यावा लागतो. दावे अडकतात ते इथे: केवायसी जुनी, पासबुकावरचं आणि आधारवरचं नाव वेगळं, किंवा खातेदार वारलेला आणि नामनिर्देशन नाही. ही कामं बँक धडधाकट असतानाच उरका.

ताळेबंद:
विम्याच्या ५ लाखांच्या मर्यादेत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात. मुद्दल ४,९५,००० आणि व्याज ४,००० असेल तर ४,९९,००० मिळतील. मुद्दलच ५ लाख असेल तर व्याजाला संरक्षण नाही. त्याच बँकेचं कर्ज तुमच्याकडे थकलेलं असेल तर ते या रकमेतून वळतं होऊ शकतं. एकाच बँकेच्या चार शाखांत ठेवी विभागून काही उपयोग नाही, त्यांची बेरीज होते. मालकी व्यवसायाचं खातंही मालकाच्या वैयक्तिक खात्यात मिळवतात. भागीदारी संस्थेचं वेगळं धरतात.

सोसायटी_खजिनदार:
५ लाखांवरच्या रकमेचं काय?

विमा_दावा:
तिथे १८अ संपतं आणि पहिला, २०२० चा कायदा सुरू होतो. २५ जानेवारी २०२२ च्या योजनेने पीएमसी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत गेली. विम्याच्या ५ लाखांनंतर किरकोळ ठेवीदारांना पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाअखेर प्रत्येकी ५०,००० पर्यंत, तिसऱ्याला १ लाख, चौथ्याला अडीच लाख, पाचव्याला साडेपाच लाख, उरलेले दहा वर्षांनी. शिवाय ३१ मार्च २०२१ नंतर व्याज बंद, ते योजना लागू झाल्यापासून पाच वर्षांपर्यंत. म्हणजे बँक वाचली, पण मोठ्या ठेवीदाराच्या पैशांवर वाचली. निवृत्तीची सगळी पुंजी तिथे ठेवलेल्या माणसासाठी ही फार कडू सुटका आहे. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्हच्या वेळी सारस्वत बँक पुढे आल्याने २०२५ मध्ये ठेवीदारांना अशी कात्री लागली नाही. सक्षम बँक तयार असणं हे कायद्याच्या हातात नसतं.

सोसायटीचं म्हणाल तर ती एकच ठेवीदार. सभासद ४० असोत की ४००, मर्यादा ५ लाखच. दुरुस्ती निधी दोन-तीन बँकांत विभागा, आणि प्रत्येकीत व्याजासाठी जागा सोडून साडेचार लाखांच्या आसपास ठेवा. आणि ठेव खरोखर बँकेतच आहे ना, तेही पावतीवर बघा. पतसंस्थेला हा विमा नाही.