मदत हवी आहे: घरमालक खोलीचा करार करून देत नाहीत, बहिणीचा आधार योजनेचा अर्ज अडला

नेर तालुक्यातल्या खेड्यातून लिहितो आहे. घरी पाच एकर कोरडवाहू, कापूस-सोयाबीन. लहान बहीण अमरावतीला बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 2024 पासून मुलींची फी माफ झाली, तो मोठा बोजा उतरला. पण खोलीचा किराया कोण माफ करणार? शासकीय वसतिगृहाला अर्ज केला होता, यादीत नाव लागलं नाही.

पहिल्या वर्षी दोन महिने गावाहून जाणं-येणं करून पाहिलं. बायांना एसटीचं अर्धं तिकीट, त्यामुळे परवडत होतं. पण प्रॅक्टिकल सुटायला पाच वाजतात आणि ती नेरला पोचेपर्यंत आमच्या गावाची शेवटची गाडी निघून गेलेली असते. मग मी मोटारसायकल घेऊन स्टँडवर. सोयाबीनच्या सोंगणीत हे काही जमेना.

यंदा जूनपासून तिघी मुलींनी मिळून टिनाची एक खोली घेतली. प्रत्येकी 1,800, म्हणजे महिन्याला 5,400. डिपॉझिट तिघींचं मिळून 15,000. लाइट वेगळी, सबमीटरवर युनिटला 14 रुपये. लिखापढी म्हणाल तर काकांनी (घरमालकांना सगळ्या काकाच म्हणतात) 200 पानी वहीच्या शेवटच्या पानावर 'डिपॉझिट मिळाले' लिहून सही केली. तारीखसुद्धा नाही. त्या पानाचा फोटो तेवढा बहिणीच्या मोबाइलमध्ये आहे.

दिवाळी झाली आणि काका म्हणाले, पुढच्या महिन्यापासून 2,500 द्या, नाहीतर खोली खाली करा. मुली नाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या मोटारीच्या बटनेवर लोखंडी डबी बसली, वर कुलूप. आता सकाळी अर्धा तास पाणी.

त्यातच ओबीसी मुलांसाठीच्या ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेचा अर्ज भरायचा आहे. वसतिगृह न मिळालेल्यांना अमरावतीसाठी वर्षाला 51,000 मिळतात. आमच्यासाठी ही रक्कम म्हणजे अख्खं वर्ष. पण किरायानं राहतो याचा करार जोडा म्हणतात, आणि काकांचं एकच, "करार केला का पोरी खोली सोडत नाहीत, वरून इनकम टॅक्सवाले येतात."

करार नाही म्हणजे आमची बाजूच नाही का? करायचा तर खर्च किती? आणि भांडण न करता कसं जमवायचं? वर्षाच्या मधात तिघींना दुसरी खोली कोण देणार?

तिफन: भाऊ, खोली सोडायच्या आधी शेवटचे दोन-तीन महिने किराया देऊच नका, डिपॉझिटमधून वळता करून घ्या. नाहीतर ते परत दिसत नाही. माझे 4,000 असेच गेले.

सातबारा: तिफन यांचं आत्ता ऐकू नका. किराया थकला की बाहेर काढायला काकांना आयतं कारण मिळेल. दर महिन्याचा किराया फोनवरून पाठवा आणि शेऱ्यात 'खोली किराया, नोव्हेंबर' असं लिहा. पावती देणं खरं तर घरमालकाचंच काम आहे.

दस्त नोंदणीचं काम करतो म्हणून थोडं सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55. करार लेखी असावा आणि नोंदवलेला असावा, ही जबाबदारी घरमालकाची. नाही केला तर त्यांना 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय लेखी करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरतात, घरमालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे कागद नसल्याची भीती तुमच्यापेक्षा काकांना जास्त असायला पाहिजे. पाणी-लाइट सबळ कारणाशिवाय अडवता येत नाही, ते कलम 29. कुलपाचा फोटो काढून ठेवा.

खर्च: स्टॅम्प शेकड्याला चार आणे. 11 महिन्यांचा किराया 59,400, त्यात डिपॉझिटवरचं व्याज धरतात, मिळून 200 च्या आत. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1,000, खेड्यात 500. ऑनलाइन भरून देणाऱ्याची मजुरी वेगळी. आणि '11 महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते' हे कोणी सांगितलं तर मान हलवा आणि पुढे चला. आपल्या राज्यात तसं नाही.

बोरबन: माझ्या बडनेऱ्याला दोन खोल्या किरायानं आहेत, म्हणून काकांच्या बाजूनं बोलतो. पोरं खोली सोडत नाहीत ही भीती खरी असते. पण ती जाते कागदानंच. लिव्ह अँड लायसन्सची (म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरतं राहायला देण्याच्या कराराची) मुदत संपल्यावर खोली सोडली नाही तर दुप्पट पैसे द्यावे लागतात, कलम 24. मी हे समजल्यापासून करार केल्याशिवाय किल्ली देत नाही. वर्षाला 64,800 किराया, दुसरं उत्पन्न नसेल तर त्यावर कसला इनकम टॅक्स? कायद्याची कलमं पोरींनी सांगू नयेत, वडील माणूस जाऊ द्या. "खर्च आम्ही करतो, तुमची खोली मुदतीला मोकळी" एवढंच म्हणा. किरायात 100-200 सोडावे लागले तर सोडा.

सातबारा: पटलं. तरी अडलंच तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन 15100.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. रविवारी बाबांना घेऊन गेलो होतो. बाबा आधी अर्धा तास काकांशी कापसाच्या भावावरच बोलले, मला वाटलं विषय निघतच नाही. मग उठताना म्हणाले, "कागदाचा खर्च माझा." प्रत्येकी 2,000 वर जमलं. कुलूप त्याच संध्याकाळी निघालं. एक विचारायचं राहिलं, नाव एकीचं टाकायचं का तिघींचं? अर्ज दोघींनाच करायचा आहे.

सातबारा: तिघींचंही, आणि प्रत्येकीचा वाटा वेगळा लिहा, 2,000-2,000. आधार, पॅन, दोन साक्षीदार, काकांच्या घराची टॅक्स पावती. काकांचं वय झालं असेल तर जायच्या आधी त्यांना हाताला थोडं तेल लावायला सांगा. घासलेल्या अंगठ्याचा ठसा मशीन घेत नाही, मागच्या आठवड्यात एका आजोबांना तीन चकरा झाल्या.