मदत हवी आहे: चिऱ्याच्या जुन्या घरावर स्लॅब की पुन्हा कौलंच?

मंडळी, गुहागरजवळ आमचं जुनं घर आहे. ओटी, माजघर, मागे पडवी. भिंती जांभ्या दगडाच्या, त्याचे चिरे (कापीव ठोकळे) मातीत बसवलेले, वर मंगलोरी कौलं. भिंती अजून दणकट आहेत, पण छपराचे वासे आणि रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) वाळवीने खाल्ल्यात. माजघरातल्या एका वाशाला बोटाने टोकरलं तरी भुसा गळतो. पावसाआधी छप्पर उतरवणं भाग आहे.

गवंडी म्हणतो, "स्लॅब टाका, कौलं फोडणाऱ्या माकडांची कटकटच मिटेल." माकडांचं खरं आहे हो! पण पाच इंची स्लॅबचं वजनच चौरस मीटरला साधारण 300 किलो. कौलं भिजली तरी त्याच्या पावपट भरायची नाहीत. मातीत बांधलेल्या भिंती एवढा भार घेतील? की आतून आरसीसी कॉलम-बीम उभे करून स्लॅब त्यांवरच ठेवायचा? मग कॉलमना वेगळा पाया आला, म्हणजे नवं घर बांधल्यातच जमा. शिवाय गावात निम्म्या स्लॅबांवर गळतीपायी पत्र्याची शेड चढलेली दिसते, ते वेगळंच.

माझा कल लोखंडी पाइपच्या सांगाड्यावर तीच कौलं चढवण्याकडे आहे. समुद्र जवळ, खारा वारा. वेल्डिंगचे सांधे आधी गंजतात. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेले) पाइप नटबोल्टने जोडून कुणी केलंय का? किती वर्षं टिकलं?

आणि बाहेरून चिऱ्याला प्लास्टर करावं, की नुसत्या दर्जा (चिऱ्यांमधल्या फटी) भरून उघडा ठेवावा? रत्नागिरी-चिपळूणकडचा जांभ्याची जाण असलेला इंजिनिअर माहीत असेल तर मेसेज करा.