बोट आणि इमॅजिका एकाच सुट्टीत: आधी काय?

परभणीहून निघतोय. दोन मोठे, दोन लेकरं, एक आजी. मुंबईहून दोन रात्रींची क्रूझ, शिवाय खोपोलीचं इमॅजिका हे राइड्सचं पार्क. क्रम कसा लावावा?

जालनाकर: आधी बोट. देवगिरी एक्सप्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरा, बोटीचा धक्का बॅलार्ड पिअर जवळच. गाडी दोन-तीन तास लेट झाली तरी निभतं. उलट केलं तर द्रुतगती मार्गावरच्या जाममध्ये अडकाल. बोट थांबत नाही, पार्कला एक दिवस उशिरा गेलात तरी चालतं. चेक-इनला दिलेल्या मोठ्या बॅगा खोलीत उशिरा येतात, म्हणून सगळ्यांची मूळ ओळखपत्रं, आजीच्या गोळ्या आणि एकेक कपडा हातपिशवीत ठेवा.

लातूरकर: खोली खालच्या मजल्यावर, मधोमध घ्या. टोकाला हेलकावे जास्त. उलटीची गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधीच घ्यावी लागते. लेकरांचा डोस डॉक्टरांना विचारा.

जालनाकर: उतरलात की खोपोलीला मुक्काम, पार्क दुसऱ्या दिवशी, शनिवार-रविवार सोडून. मोठ्या राइडला उंची मोजतात, लेकरांची घरीच मोजून न्या, नाहीतर गेटवर रडारड. वॉटर पार्कला सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात.

लातूरकर: परतीला मुंबई कशाला? पनवेल–नांदेड एक्सप्रेस थेट परभणीला सोडते.